वारीनंतरचे वाळवंट : एका दुर्लक्षित अवकाशाचे वाचन

‘वाळवंट’ या शब्दाचे मराठीत दोन संसार आहेत. एक शालेय भूगोलाने रूढ केलेला : पाणी नाही, वस्ती नाही, वाट नाही अशी वैराण भूमी. दुसरा संतकाव्याने रुजवलेला : नदीकाठची वाळू, आणि त्या वाळूवर मावणार नाही इतकी माणसांची दाटी. एकाच शब्दाने मराठी वाचकाच्या मनात एकदा संपूर्ण निर्जनता आणि एकदा संपूर्ण गजबज उभी करावी, ही गोष्ट कोशकाराला किरकोळ वाटू शकेल; समीक्षकाला ती तशी वाटू नये. पंढरपूरच्या वाळवंटाविषयी आजवर जे लिहिले गेले, ते बहुतांशी दुसऱ्या अर्थाच्या आश्रयाने. पहिला अर्थ मात्र तिथे वर्षातले बरेच दिवस प्रत्यक्ष नांदत असतो. पौर्णिमा होते, काला होतो, दिंड्या परततात, आणि चंद्रभागेच्या काठी वाळू, पाणी व पुंडलिकाचे देऊळ एवढेच उरते. या उरलेल्या अवकाशाला काही वाङ्मयीन अर्थ आहे काय, आणि तिथे मिळणाऱ्या शांत सुखाचे स्वरूप कोणते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पंढरपूरविषयीचे आधुनिक मराठी गद्य हे प्रामुख्याने वाटेचे आणि गर्दीचे गद्य आहे. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४) हे पुस्तक ही त्याची दोन ठळक उदाहरणे होत. दोघेही पालखीबरोबर चालले. दोघांनीही आपल्या सुशिक्षित अलिप्ततेची तपासणी त्या समुदायात करून घेतली. कर्वे यांना दिंड्यांमधली जातीची कुंपणे खुपली, आणि ज्या भूमीतले लोक पंढरीला येतात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, ही व्याख्याही त्यांना त्याच वाटेवर सापडली. मोकाशींची वारी १९६१ ची, म्हणजे पानशेतचे धरण फुटले त्या वर्षाची. सिद्धान्ताकडे न वळता माणूस न्याहाळत जाणे ही त्यांची रीत. पुढे व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तीर्थयात्रेची मीमांसा करताना कर्वे आणि देलरी यांच्या लेखनाचा आधार घेऊन पंढरीच्या वारीचा विचार केला. पद, जात, व्यवसाय यांची बंधने प्रवासापुरती सैल झाल्यावर जो समूहभाव उत्पन्न होतो, तो त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. आपल्याकडच्या विद्यापीठीय प्रबंधांनी नंतर ही संकल्पना इतक्या उत्साहाने उचलली, की वारी म्हणजे समूहभाव हे समीकरण प्रश्न न विचारता मान्य झाले. या सर्व लेखनात एक साम्य आहे. पालखी पोहोचली की लेखन आटोपते. परतीचा प्रवास मराठी गद्याने क्वचितच केला आहे, आणि सगळे परतल्यावर मागे काय राहते हे पाहण्यासाठी थांबलेला लेखक तर त्याहून विरळा.

मिशेल फूको यांनी १९६७ च्या आपल्या एका व्याख्यानात समाजातील ‘इतर स्थळां’चा विचार करताना जत्रेच्या मैदानांचा ओझरता उल्लेख केला आहे. शहराच्या कडेला रिकाम्या पडलेल्या आणि वर्षातून एकदोनदा भरून जाणाऱ्या जागा असे त्यांचे वर्णन ते करतात. उल्लेख मार्मिक आहे; परंतु त्यांचे लक्ष भरण्याच्या क्षणाकडे, उत्सवाच्या क्षणभंगुर काळाकडे आहे. मैदान रिकामे असते तेव्हा ते केवळ रिकामे असते, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. पंढरीचे वाळवंट या गृहीतकाला अपवाद ठरते, असे मला वाटते. ते रिकामे असतानाही कशाचे तरी रिकामे असते.

याचे मूळ ‘वारी’ या शब्दातच आहे. वारी म्हणजे खेप, आवर्तन. जो एकदाच गेला तो यात्रेकरू; जो पुन्हा पुन्हा जातो तो वारकरी. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार खेपांनी संप्रदायाचे वर्ष आखलेले आहे, आणि खेप म्हटली की दोन खेपांमधले अंतर तिच्या व्याख्येतच आले. छंदःशास्त्रात यतीला जे स्थान आहे ते वारीच्या रचनेत या मधल्या महिन्यांना आहे. मोठ्या अभंगाच्या अक्षररचनेकडे पाहावे. तीन खंड सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. वाचताना हा चौथा खंड आखूड वाटतो, गाताना मात्र तिथेच स्वर लांबतो, टाळ ऐकू येतो, आणि धृपद धरणाऱ्यांना श्वास घ्यायला जागा मिळते. अक्षरांची ती उणीव रचनेने मुद्दाम ठेवलेली असते. साम्य फार ताणण्यात अर्थ नाही, हे मान्य. पण वारीचा विचार केवळ भरलेल्या अक्षरांवरून करणे हे अभंग नुसता मोजून वाचण्यासारखे आहे.

मार्गशीर्षातले आणि फाल्गुनातले पंढरपूर प्रस्तुत लेखकाच्या अधिक परिचयाचे आहे. सकाळी महाद्वार घाटाच्या पायऱ्या उतरून खाली आले, की प्रथम जाणवतो तो आवाजाचा अभाव, आणि मग हळूहळू लहान आवाज वेगळे होऊ लागतात : धुण्याचा, होडीच्या कडेवर आपटणाऱ्या पाण्याचा, पुंडलिकाच्या देवळातल्या एकट्या घंटेचा. काठावर ओढून ठेवलेल्या होड्या. वाळूत कुत्र्यांच्या आणि पाखरांच्या पावलांच्या रांगा. कुठे एखादे वृद्ध जोडपे, गर्दीत दर्शन झेपत नाही म्हणून आडवेळेला आलेले. नदीचे पात्र चंद्रकोरीसारखे वळते म्हणून भीमेला इथे चंद्रभागा म्हणतात, हे लहानपणापासून ऐकलेले असते. ती कोर डोळ्यांना दिसते ती याच दिवसांत, एरवी माणसांच्या कडेने काठाची रेषाच झाकली जाते. पावसाळ्यात चित्र आणखी निराळे. पाणी चढले की पुंडलिकाचे मंदिर बेट होते, आणि अधिक चढले की नुसता कळस राहतो. गोपाळपुराच्या बाजूला नदीतच असलेले विष्णुपदही असेच पाण्याने वेढले जाते. समुद्र नसलेल्या सोलापूर जिल्ह्याची ही बेटे, आणि त्यांची ही पुळण. अर्थात, या देखाव्याला भोळेपणाने निसर्ग म्हणण्याचे कारण नाही. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाल्यापासून चंद्रभागेला किती पाणी असावे हे पुष्कळदा वरचे दरवाजे ठरवतात. वारीच्या स्नानासाठी पाणी सोडले जाते, आणि एरवी पात्रात जे डबके उरते त्याविषयी संतांच्या शब्दांत बोलण्याचे धाडस होत नाही. वाळूही पूर्वीइतकी राहिलेली नाही. शांततेच्या सौंदर्याविषयी लिहिताना एवढे नमूद करून पुढे जाणे बरे.

आता मुख्य मुद्दा. पंढरपूरच्या उपासनेनेच या बिगरहंगामाला अर्थ दिलेला आहे, आणि तो अर्थ आपल्या समीक्षेने वाचलेला नाही. आषाढीच्या आधी शुभ दिवस पाहून देवाचा पलंग काढला जातो. शेजारती थांबते, नित्याचे राजोपचार थांबतात. विठ्ठल रात्रंदिवस दर्शनासाठी उभा राहतो, आणि थकवा येऊ नये म्हणून त्याच्या पाठीशी लोड दिला जातो. यात्रा आटोपली की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्याने स्नान, पायांचा शीण जावा म्हणून लिंबू-साखर, आणि रात्री निजण्यापूर्वी काढा. मग पलंग पुन्हा शेजघरात येतो. देवाच्या पायांना वळ येतात आणि भक्त गेल्यावर त्याला झोप लागते, ही कल्पना करणाऱ्या समाजाने गर्दीचे ओझे देवाच्या बाजूने मोजले होते असे म्हणावे लागते. वारीवरच्या आपल्या सर्व लेखनात वारकरी चालतो आणि देव स्थिर उभा असतो. प्रक्षाळपूजेत हे स्थिर उभे राहणे हेच एक श्रम ठरते, आणि त्याची परिसमाप्ती एकांतात होते.

याहून सूचक आहे तो मार्गशीर्ष. या महिन्यात विठ्ठल मंदिरात नसतो, विष्णुपदावर असतो, अशी श्रद्धा आहे. कार्तिकी नुकतीच झालेली असते, माघीला अवकाश असतो, आणि देव गावाबाहेर, नदीच्या पात्रात, उघड्या मंडपात जाऊन राहतो. तिथल्या शिळेवर कृष्णाची पावले आणि गाईंचे खूर उमटलेले दाखवतात. लोक त्या दिवसांत शिदोरी घेऊन जातात, काठावर किंवा होडीने पलीकडे बसून वनभोजन करतात. त्यात कीर्तनाचा थाट नसतो, दर्शनबारी नसते. घरची भाजी-भाकरी, नदी आणि थंडीतले ऊन. ज्याला आज आपण पर्यटनाच्या परिभाषेत आडहंगामी सहल म्हणू, तिचा कर्ता इथे देव आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाच्या गोपजनीय, धनगरी पूर्वरूपाचा जो शोध घेतला आहे, त्याच्या प्रकाशात हा मार्गशीर्ष पाहिला तर आणखी एक शक्यता दिसते. राजोपचारांत बसवलेला देव वर्षातून एक महिना गुराख्यांच्या माळावर परततो. हे माझे अनुमान आहे; ढेरे यांच्यावर ते लादण्याचा हेतू नाही.

क्षेत्राची उत्पत्तिकथाही गर्दीची नाही. रुक्मिणी रुसून द्वारकेहून निघते आणि दिंडीरवनात एकटी येऊन बसते. कृष्ण तिच्या शोधात येतो. तिथून पुंडलिकाच्या दारी जातो, आणि आईबापांच्या सेवेत गुंतलेला पुंडलिक त्याला वीट देऊन थांबायला सांगतो. एका स्त्रीला हवा असलेला एकांत आणि एका देवाला करावी लागलेली प्रतीक्षा, या दोन गोष्टींवर पंढरी उभी आहे. लक्षावधी लोक ज्याच्या दर्शनाला येतात तो विठ्ठल मुळात स्वतःच दाराशी ताटकळलेला पाहुणा होता, ही विसंगती कथनशास्त्राच्या अभ्यासकाने नीट तपासण्यासारखी आहे. रुक्मिणीचे मंदिर आजही वेगळे आहे.

मौखिक वाङ्मयात तर वारीबाहेरचे पंढरपूर हेच मुख्य पंढरपूर आहे. गी प्वातव्हँ आणि हेमा राइरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन झाले त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमा आहेत. विठ्ठल-रुक्मिणीच्या ओव्यांचे एक लक्षण तत्काळ ध्यानात येते. त्यांत विठ्ठल हा कुटुंबातला पुरुष असतो. रुक्मिणी जनीवरून त्याच्याशी भांडते, रुसते, त्याच्या जेवणाची काळजी करते. पंढरपूर म्हणजे एक घर, एक अंगण, एक नदीची वाट. दळणाऱ्या बाईला आषाढीला जाणे अनेकदा शक्य नसे. पेरणीचे दिवस, घर, लेकरे. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसून तिने जे पंढरपूर रचले ते गर्दी वजा केलेले आहे. वारीची भव्यता पुरुषांच्या गद्यात आली, आणि वारीनंतरची सांसारिक जवळीक बायकांच्या ओवीत, अशी विभागणी करण्याचा मोह होतो. ती सरसकट खरी नाही, कारण वारीच्या आनंदाच्या ओव्याही विपुल आहेत. पण कल निश्चितच तसा आहे.

जनाबाईच्या नावावरचे अभंग याच जातकुळीतले. तिच्या आणि नामदेवाच्या गाथांमध्ये कोणते अभंग कोणाचे, हा प्रश्न विष्णुदास नाम्यापासून आजतागायत गुंतागुंतीचा आहे. इथे मी ‘जनाबाई’ हा शब्द एका परंपरासिद्ध स्वरासाठी वापरतो. या स्वरातला देव दळायला येतो, शेण्या वेचतो, धुणे धुतो, तिची वेणी घालतो. या सर्व क्रिया रात्रीच्या किंवा आडरानातल्या आहेत. एकाही क्रियेला तिसरा साक्षीदार परवडणारा नाही. साक्षीदार आला की काय होते, हे पदकाच्या कथेत दिसते. देव आपला शेला विसरून जनीची वाकळ पांघरून जातो, सकाळी पदक तिच्या घरी सापडते, आणि चोरीच्या आळापायी तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर चढवायला नेतात. सुळाचे पाणी होते, हा कथेचा चमत्कार. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की दोघांचा एकांत जगासमोर आला तेव्हा वाळवंट हे वधस्थान झाले. वाळवंटावर गर्दी जमते ती नेहमीच कीर्तनासाठी जमते असे नाही.

नामदेवाच्या तीर्थावळीत हा धागा सर्वांत स्पष्ट होतो. ज्ञानदेव नामदेवाला तीर्थयात्रेला चलण्याचा आग्रह करतात. नामदेवाला पंढरी सोडवत नाही. विठ्ठलाला तर ते त्याहून जड जाते. भक्त निघून जातो आणि देव मागे राहून झुरतो. संस्कृत काव्यशास्त्राने प्रवासामुळे होणारा विप्रलंभ मानलेला आहे, आणि ज्याची वाट पाहायची तो परगावी गेलेला असताना घरी राहिलेल्या नायिकेला प्रोषितभर्तृका म्हटले आहे. तीर्थावळीत ही भूमिका विठ्ठलाकडे आली आहे. वारीच्या संपूर्ण व्यवस्थेकडे याच दृष्टीने पाहता येते. प्रवास भक्त करतो, घरी देव राहतो. वर्षाचे उरलेले महिने हे त्याचे विरहाचे महिने. कमरेवर हात ठेवून उभे राहणे हे प्रतीक्षेचे उभे राहणे आहे, हे तर कीर्तनकार नेहमीच सांगतात. ते कोणत्या महिन्यांतले उभे राहणे, एवढाच प्रश्न आपण पुढे विचारायचा.

तुकारामांच्या बाबतीत उलटी बाजू मिळते. आजारपणामुळे वारी चुकली तेव्हा त्यांनी वारकऱ्यांच्या हाती विठ्ठलाला अभंगांचे पत्र धाडले, अशी परंपरा आहे, आणि ते पत्रिकेचे अभंग गाथेत आहेत. गाव पंढरीला गेलेले, आपण मागे राहिलेलो, आणि मन प्रत्येक जाणाऱ्याच्या पायांशी अडकलेले. परतणाऱ्यांच्या वाटेकडे डोळे. या अभंगांतला एकांत भंडाऱ्याच्या डोंगरावरच्या एकांताहून अगदी निराळा आहे. डोंगरावरचा एकांत निवडलेला, झाडाझुडपांच्या सोयरिकीने भरलेला. देहूतला हा एकांत अंगावर पडलेला. तुकारामांच्या आधुनिक वाचनात, विशेषतः दिलीप चित्रे यांच्या ‘पुन्हा तुकाराम’ (१९९०) नंतर, एकट्या, स्वतःशी झगडणाऱ्या कवीची प्रतिमा दृढ झाली. ती योग्यच आहे. मात्र तिच्यात हे दोन एकांत मिसळून जातात, आणि गर्दीला मुकल्यामुळे आलेले एकटेपण हे अस्तित्ववादी एकटेपण म्हणून वाचले जाण्याचा धोका उरतो. पत्रिकेतला तुकाराम एकटा आहे तो वारकरी म्हणून.

यावरून वाळवंटाच्या शांत सुखाचे स्वरूप काहीसे निश्चित करता येईल. प्रथमदर्शनी हा शांतरसाचा विषय वाटतो. शांताचा स्थायीभाव शम मानावा, निर्वेद मानावा की तत्त्वज्ञान, याविषयी शास्त्रकारांत मतभेद आहेत; पण जगापासून चित्त परत फिरणे ही त्याची सामान्य अट. रिकाम्या वाळवंटावर ही अट पुरी होत नाही. तिथे बसलेल्याचे चित्त जगाकडे पाठ फिरवत नाही. गेलेल्या माणसांच्या खुणा ते वाचत असते. राहुटीच्या खुंटीने पडलेला खळगा, वाळूत अर्धी बुडालेली तुळशीची काडी, पायरीच्या फटीत साचलेला बुक्का. हा अनुभव विप्रलंभाच्या जवळचा आहे, आणि त्यात परतीची निश्चिती असल्याने त्याला करुणाची झाक येत नाही. गोव्याच्या किंवा कोकणातल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात एकट्याने जाणाऱ्या पर्यटकाचे सुख याहून वेगळे आहे. खोल्यांचे दर उतरलेले, खानावळी मिटलेल्या, किनारा आपल्या एकट्याचा. इतर लोक नसणे हाच तिथला लाभ. त्या सुखाला मी कमी लेखत नाही, मी स्वतः ते घेतले आहे. परंतु त्यात दुसरा माणूस हा अडथळा असतो, आणि वाळवंटावर तो अनुपस्थित आप्त असतो. अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’शी (१९७६) तुलना केली तर आणखी एक छटा दिसते. तिथेही यात्रेचा दिवस नाही; एसटीने आलेला एक परका माणूस उत्सवाबाहेरचे देवस्थान पाहतो, आणि पडझड, कुत्री, दगड यांच्यावर त्याची नजर थांबते. ती नजर श्रद्धेची नसली तरी उपेक्षेचीही नाही. देवस्थान रिकामे असतानाच नीट पाहता येते, हा कोलटकरांचा शोध मराठी समीक्षेने धार्मिकतेच्या वादात हरवून टाकला.

इथवर आल्यावर एक आक्षेप स्वतःहून घेतला पाहिजे. एकांत हे सुख आहे असे म्हणणारा माणूस कोण? महीपतीने ‘भक्तविजया’त (१७६२) चोखोबाची कथा सांगितली आहे. रात्री, देऊळ बंद असताना, देव स्वतः चोखोबाला हाताला धरून आत नेतो. सकाळी हे उघडकीला येते, आणि चोखोबाला नदीपलीकडे घालवून दिले जाते. परंपरा त्याच्या पैलतीरावरच्या दीपमाळेची आठवण सांगते. म्हणजे वाळवंटापलीकडचा तो निवांत काठ, जिथून देवळाचे शिखर सर्वांत सुंदर दिसते असे आजचा छायाचित्रकार सांगेल, तो एका माणसाच्या हद्दपारीचा काठ आहे. मार्गशीर्षात मी त्या काठावर बसतो तेव्हा परतीचे तिकीट माझ्या खिशात असते. चोखोबाच्या एकांतात देव जेवायला येतो, ही कथेने त्याला दिलेली भरपाई. पण भरपाई आहे म्हणून अन्याय नाहीसा होत नाही, आणि चोखामेळ्याचे स्वतःचे अभंग ही गोष्ट महीपतीहून अधिक तिखटपणे जाणतात. वारीतल्या समूहभावाची मर्यादा कर्वे यांनी दिंड्यांच्या पंगतीत पाहिली. वाळवंटाच्या शांततेची मर्यादा पैलतीरावर पाहावी लागते.

म्हणूनच १९४७ चा मे महिना या संदर्भात लक्षणीय वाटतो. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे पासून पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, प्राणांतिक उपोषण केले. १० मे रोजी ते सुटले. चैत्री होऊन गेलेली, आषाढी दूर, वैशाखाचे ऊन. चोखोबाला ज्या दाराबाहेर ठेवले होते ते दार उघडण्याची घटना चारही वाऱ्यांच्या बाहेर, गाव रिकामे असण्याच्या दिवसांत घडली. दिवस मुद्दाम निवडले होते असे सुचवायचे नाही. मात्र लाखोंच्या समूहभावाने शतकानुशतके जे केले नाही ते एका उपाशी माणसाने बिगरवारीच्या दिवसांत घडवून आणले, हा तपशील समूहभावाच्या सिद्धान्तकारांनी टिपला असता तर त्यांच्या मांडणीत काही फरक पडला असता.

रिकामेपण आणि रिकामे केलेपण यांतला भेद पंढरपूरने २०२० साली अनुभवला. करोनाच्या साथीमुळे पायी वारी रद्द झाली. संतांच्या पादुका एसटीच्या बसने आल्या. १ जुलैला आषाढी एकादशी झाली तेव्हा गावात संचारबंदी होती. त्या दिवशीची वाळवंटाची छायाचित्रे अनेकांनी पाहिली, आणि पाहणाऱ्यांना ती सुंदर वाटली नाहीत. वाळू तीच, पाणी तेच, पुंडलिकाचे देऊळ तेच, माणसांचा अभावही मार्गशीर्षातल्यासारखाच. फरक होता तो पंचांगातल्या जागेचा. यती जिथे हवा तिथे नव्हता. अक्षर जिथे हवे तिथे गाळलेले होते. अवकाशाचे सौंदर्य त्या अवकाशात नसून त्याच्या कालक्रमात असते, याचे याहून ठसठशीत प्रत्यंतर शोधून सापडणार नाही. त्या वर्षी घरोघरी राहिलेले वारकरी पत्रिकेतल्या तुकारामाच्या स्थितीत होते, आणि त्या अभंगांचे निरूपण त्यांनी फोनच्या पडद्यावर ऐकले.

गावातल्या माणसाच्या दृष्टीने मात्र हा भेद सौंदर्याचा नाही. बुक्का, कुंकू, लाह्या, तुळशीच्या माळा, टाळ, पखवाज यांवर ज्यांचे घर चालते, जे होडी वल्हवतात, त्यांना मधले महिने हे पुढच्या वारीच्या तयारीचे महिने असतात. त्यांच्या शांततेत मणी ओवण्याचे, पखवाजाला शाई भरण्याचे काम चाललेले असते. पुंडलिकाच्या देवळात पुजारी असलेला कोळी समाज नदीच्या दोन्ही अवस्था जितक्या जवळून जाणतो तितक्या जवळून कोणताही अभंगकार किंवा निबंधकार जाणत नसेल. वाळवंटाच्या रिकामेपणाविषयी त्यांच्या बोलीत कोणते शब्द आहेत, ते विरहाचे आहेत, विश्रांतीचे आहेत की उधारीचे, याचे संकलन ओव्यांच्या संकलनाइतक्याच निष्ठेने होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाची सामग्री घाटाच्या पायऱ्यांवरून दिसली तेवढीच आहे. होडीतून काय दिसते ते यात आलेले नाही.